पाचव्या महिन्यात गर्भपिशवीला गाठ निघाली आहे, बाळंतपणाचं काय?

शेवगा_शेंग | 12 जून
नमस्कार मंडळी. वय 33, पहिलंच बाळ, 19 वा आठवडा चालू आहे. नाशिकला इंदिरानगरात राहते. काल अॅनॉमली स्कॅन झाला. बाळाचे सगळे अवयव नीट आहेत असं रेडिओलॉजिस्ट म्हणाले आणि मग पोटावर एकाच जागी प्रोब दाबून बराच वेळ मापं घेत बसले. रिपोर्टमध्ये पानभर बाळाची माहिती आणि शेवटी एक ओळ: पोस्टेरिअर वॉल इंट्राम्युरल फायब्रॉइड, 6.2 गुणिले 5.8 सेमी. प्लासेंटा अँटेरिअर.

आमच्या डॉक्टर मॅडम सोमवारी भेटतील. तोवर घरात काय चाललंय ते सांगते. सासूबाईंच्या जावेची पिशवी गाठीमुळे काढली होती, त्यामुळे त्यांचा चेहरा उतरलाय. आईचे मालेगावहून तासातासाला फोन. नवरा मोबाईल घेऊन बसलाय आणि दर दहा मिनिटांनी एक नवा भयंकर शब्द आणून देतोय.

ज्यांना गरोदरपणात गाठ होती त्यांनी सांगा, पुढे काय झालं? बाळाला जागा पुरते का? नॉर्मल होते का? "काही होत नाही गं" एवढंच लिहिणार असाल तर राहू द्या, ते सकाळपासून बारा जणींनी सांगून झालंय.

तर्रीबाज | 12 जून
आधी नवऱ्याचा मोबाईल काढून घ्या. उरलेले उपाय जाणकार सांगतीलच.

निफाडची_थंडी | 12 जून
अगं, मला 1989 साली होती. तेव्हा निफाडला कुठली सोनोग्राफी! माझं पोट महिन्याच्या मानाने मोठं दिसायचं, म्हणून सगळ्यांनी जुळं धरलं. सासऱ्यांनी तर दोन पाळण्यांची लाकडं आणून ठेवली. सातव्या महिन्यात नाशिकला नेलं तेव्हा कळलं की एक बाळ आणि एक मोसंबीएवढी गाठ. लेक शेवटपर्यंत पायाळूच राहिली, डोकं काही खाली येईना, म्हणून सिझर झालं. गाठ तेव्हा काढली नाही. पुढे मला कधी त्रास झाला नाही, पाळी गेल्यावर बारीक झाली म्हणाले.

लेकीचं म्हणशील तर आता तिलाच दोन मुलं आहेत. माहेरी आली की गल्लीतले म्हातारे उसण भरली म्हणून पाठीवर तिची लाथ मारून घ्यायला येतात. ती वैतागते.

पांढरा_डगला | 13 जून
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, नाशिकमध्येच प्रॅक्टिस करते. इथे कुणाचं निदान करणार नाही, तुमच्या मॅडम तुम्हाला तपासून सांगतील तेच खरं. पण रिपोर्ट कसा वाचायचा ते सांगते, कारण अशा रिपोर्टमधला सेंटीमीटरचा आकडा सगळ्यांना दिसतो आणि खरी माहिती बाकीच्या शब्दांत असते.

फायब्रॉइड म्हणजे पिशवीच्या स्नायूचीच वाढलेली गाठ. कॅन्सर नव्हे. गरोदर बायकांच्या सोनोग्राफीत साधारण 2 ते 10 टक्के जणींना ती दिसते, आणि दिवस उशिरा राहू लागल्यामुळे आता जास्त दिसते. त्यातल्या बहुतेक जणींचं बाळंतपण बाकीच्यांसारखंच पार पडतं. काही ना काही गुंतागुंत होते ती 10 ते 30 टक्के जणींना, आणि त्यात चार दिवस पोट दुखण्यापासून सगळं मोजलेलं असतं.

आता जागा. आतल्या अस्तराखाली वाढून पोकळीत डोकावते ती सबम्युकस. ही दिवस राहण्यात आणि टिकण्यात अडथळा आणू शकते. भिंतीच्या जाडीत असते ती इंट्राम्युरल, तुमची ही आहे. बाहेरच्या अंगाला वाढते ती सबसेरस, तिचा बाळाशी फारसा संबंध येत नाही. तीच देठावर लोंबत असेल तर पिळा पडून दुखू शकते, तेवढं लक्षात ठेवायचं.

मग मी दोन गोष्टी बघते. वार, म्हणजे प्लासेंटा, गाठीवर बसली आहे का? बसली असेल तर वार वेळेआधी सुटण्याचा धोका वाढतो. तुमची गाठ मागच्या भिंतीत आणि वार पुढच्या भिंतीला आहे, म्हणजे तो प्रश्न नाही. दुसरं म्हणजे गाठ वर आहे की खाली, पिशवीच्या तोंडाकडे. तोंडाशी असलेली 4 सेमीची गाठ मला वरच्या भागातल्या 8 सेमीच्या गाठीपेक्षा जास्त कामाला लावते. तुम्ही टाकलेल्या ओळीत ते आलेलं नाही. सोमवारी मॅडमना एवढंच विचारा: गाठीचं खालचं टोक पिशवीच्या तोंडापासून किती लांब आहे?

शेवगा_शेंग | 13 जून
डॉक्टर, खूप आभार. एक विचारू? बाळाबरोबर गाठही वाढत जाणार ना? नवव्या महिन्यात ती केवढी होईल?

पांढरा_डगला | 13 जून
बहुतेक गाठी फारशा वाढत नाहीत. ज्या वाढतात त्यांची वाढ मुख्यतः पहिल्या तीन महिन्यांत होते, हार्मोन्स झपाट्याने चढतात तेव्हा. तो काळ तुमचा उलटला. काही गाठी तर गरोदरपणातच लहान होतात. आणि बाळाला जागा पुरते. पिशवी ताणली जाते, बाळ आपली सोय बघतं. फारच मोठी किंवा पोकळी वाकडी करणारी गाठ असेल तर बाळ आडवं किंवा पायाळू राहण्याची शक्यता वाढते, निफाडच्या काकूंचं झालं तसं. बाळाचं वजन मात्र सहसा गाठीमुळे कमी होत नाही.

गोदाकाठची | 14 जून
माझा अनुभव चांगला नाही. लिहावं की नाही असा दोन दिवस विचार केला. पण तू खरं काय ते विचारलंयस.

माझी पोकळीत डोकावणारी होती. ती आहे हे दिवस राहायच्या आधीच माहीत होतं, कारण पाळीत इतकं अंगावर जायचं की ऑफिसच्या खुर्चीवर काळी ओढणी पसरून बसायचे. एच बी, म्हणजे हिमोग्लोबिन, 8 च्या खाली. सगळ्यांनी सांगितलं, आधी चान्स घ्या, गाठीचं नंतर बघू. दिवस राहिले आणि अडीच महिन्यांच्या आत गेले. मग दुर्बिणीतून खालच्या वाटेने गाठ काढली, पोटाला एकही टाका नाही, दुसऱ्या दिवशी घरी. नंतर मुलगी झाली, आता शाळेत जाते.

एक गोष्ट अजून डोक्यात जाते. पहिलं गेलं तेव्हा नातेवाईक म्हणायचे, "गाठीनेच खाल्लं बाळ." माझ्या डॉक्टर मात्र म्हणाल्या की ते खात्रीने सांगता येणार नाही.

पांढरा_डगला | 14 जून
त्या बरोबर म्हणाल्या. सुरुवातीच्या आठवड्यांतले गर्भपात बहुतांशी गुणसूत्रांमधल्या बिघाडामुळे होतात. गाठी असलेल्या बायकांचं वयही सरासरीने जास्त असतं आणि वयाबरोबर गर्भपात वाढतात, त्यामुळे जुन्या आकडेवारीत गाठीच्या माथी बरंच काही आलं. 2017 मध्ये अमेरिकेतला 5500 हून जास्त गरोदर बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वय वगैरे हिशेबात धरल्यावर त्यात गाठ असणं आणि गर्भपात होणं यांचा संबंध दिसला नाही. सबम्युकस गाठीबद्दल मात्र आम्ही सावधच असतो. तुमची काढली ते योग्यच झालं, रक्तस्रावासाठी तर नक्कीच.

तिसरी_घंटा | 14 जून
माझी उलटी गोष्ट. लग्नानंतर दिवस राहत नव्हते, भिंतीत तीन-चार गाठी होत्या, मोठी 9 सेमीची. कॉलेज रोडच्या एका डॉक्टरांनी लगेच ऑपरेशनची तारीख दिली. दुसऱ्यांचं मत घेतलं. ते म्हणाले, एवढी मोठी आहे आणि पोकळी दाबतेय, तर काढा, पण उगाच बारीक सगळ्या खरवडत बसू नका. लॅप्रोस्कोपीने काढली. त्यानंतर सहा महिने थांबायला सांगितलं, पिशवीचा टाका भरून येईपर्यंत.

हे कुणी आधी सांगत नाही म्हणून लिहिते: गाठ काढताना काप खोल गेला असेल तर पुढे नॉर्मलचा विषय संपतो. मला 37 आठवडे पूर्ण झाल्यावर ठरवून सिझर केलं, कळा सुरू होण्याआधीच. कळांमध्ये जुना टाका उसवायची भीती असते. मला नॉर्मलची फार हौस होती असं नाही, पण गाठ काढतानाच हे माहीत असायला हवं होतं. ऑपरेशनचे कागद जपून ठेवा मुलींनो. बाळंतपणाच्या वेळी नव्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो "पोकळी उघडली होती का?" आणि ते फक्त त्या कागदावर लिहिलेलं होतं.

आरोग्य_अमृत | 15 जून
ताई घाबरू नका!! कोणतीही गाठ 21 दिवसांत विरघळते. खास काढा, ऑपरेशन नको, हजारो स्त्रियांना गुण. नंबरसाठी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

अडुळसा | 15 जून
आमच्या घरात तीन पिढ्या वैद्यकी आहे म्हणून बोलते. गाठींसाठी बाजारात जे विकलं जातं त्यात बहुधा गुग्गुळ असतो, आणि गुग्गुळाची औषधं आमचे बाबा गरोदर बाईला देत नाहीत. काढ्यात काय काय आहे ते बाटलीवर नसतं आणि विकणारा सांगत नाही. शेंगताई, पोटात बाळ असताना असलं काही घेऊ नका. माझ्या शब्दावरही नको, तुमच्या मॅडमना विचारा.

संपादक | 15 जून
जाहिरात करणारा आयडी बंद केला आहे. त्याचा प्रतिसाद मुद्दाम ठेवलाय, त्याखालचं अडुळसा यांचं उत्तर लोकांनी वाचावं म्हणून.

शेवगा_शेंग | 17 जून
मॅडमना भेटून आले. गाठीचं खालचं टोक पिशवीच्या तोंडापासून बरंच वर आहे. मॅडमनी वहीवर पिशवी काढून दाखवली, त्यात गाठ, वार, बाळ. तोच कागद घरी फ्रिजवर लावलाय. सासूबाई येताजाता बघतात आणि आता त्यांना अँटेरिअर-पोस्टेरिअर आमच्यापेक्षा चांगलं कळतं. एच बी 9.8 आलंय, लोहाची गोळी वाढवली. बाकी 28 आणि 34 आठवड्यांना सोनोग्राफी.

सावळघाट | 17 जून
मी पेठ तालुक्यात उपकेंद्रात नर्स आहे. ते 9.8 सोडू नका. गरोदरपणात 11 च्या खाली म्हणजे रक्त कमी. देशात निम्म्याहून जास्त गरोदर बायकांना रक्त कमी असतं, आणि गाठ असेल तर पाळीतच रक्त जाऊन जाऊन बाई आधीच रिकामी होऊन आलेली असते. त्यात बाळंतपणात जास्त गेलं तर 11 वाली तग धरते, 8 वाली कोसळते.

गोळी चहाबरोबर घेऊ नका, दुधाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबर तर नकोच. दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा. लिंबू पिळलेलं काही घेतलं तर चांगलं. शी काळी होते, त्याला घाबरायचं नाही. आमच्याकडच्या बायका त्याला घाबरूनच गोळ्या पत्र्याच्या डब्यात साठवतात. मी घरी गेले की आधी तो डबा मागते.

आणखी एक, वाचणाऱ्या सगळ्यांसाठी. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते, 2016 पासून. आमच्या पाड्यांवरच्या बाईला सोनोग्राफीसाठी सावळघाट चढून नाशिकला यायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. गाठ असल्याचं कळलं की आम्ही तिचं नाव जोखमीच्या यादीत घेतो आणि सिव्हिलला आधीच कळवतो. सरकारी ठिकाणी बाळंतपण, सिझर, रक्त, गाडी हे सगळं मोफत मिळतं. कुणी पैसे मागितले तर विचारा कशाचे.

शेवगा_शेंग | 5 जुलै
परवा रात्रीपासून हॉस्पिटलमध्ये होते, आज सोडलं. आता ठीक आहे, म्हणून लिहिते.

भाकरी खाऊन उठले आणि उजवीकडे कमरेच्या जरा वर असं काही दुखायला लागलं की सरळ उभं राहता येईना. कळा येतात-जातात म्हणतात, हे जाईच ना. एका बोटाने जागा दाखवता येत होती, तिथे नवऱ्याने नुसता हात ठेवला तरी ओरडले. उलटी झाली, अंगात कणकण. रक्त अजिबात गेलं नाही, बाळ फिरत होतं. द्वारका सर्कलला रात्री अकराला पण ट्रॅफिक. रिक्षावाल्याने मात्र एकही खड्डा चुकवला नाही.

तिथे गेल्यावर आधी बाळाचे ठोके, मग सोनोग्राफी, लघवी, रक्त. प्रोब बरोबर त्या दुखऱ्या जागी ठेवला तर खाली गाठच. मॅडम म्हणाल्या, गाठीला रक्त कमी पडतंय, आतून मरतेय थोडी, रेड डीजनरेशन. सलाईन, पॅरासिटामॉल, आराम. एवढंच. मला वाटलं आता कापणार.

पांढरा_डगला | 5 जुलै
बरं वाटतंय हे वाचून छान झालं. हे दुखणं साधारण याच काळात येतं, चौथ्या ते सहाव्या महिन्यात, आणि 5 सेमीहून मोठ्या गाठींत जास्त. काही दिवसांत, फार तर एक-दोन आठवड्यांत उतरतं. बाळाला सहसा काही होत नाही. ऑपरेशन जवळजवळ कधीच लागत नाही.

पण पुढच्या वेळी दुखलं तर "गाठच असेल" म्हणून घरी बसायचं नाही. वार सुटणं, अपेंडिक्स, मूत्रमार्गातला जंतुसंसर्ग, वेळेआधीच्या कळा यांतही असंच दुखतं, ते सगळं बाजूला केल्यावरच गाठीचं नाव घ्यायचं. रक्त गेलं, पाणी गेलं, पोट दगडासारखं कडक राहिलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर वेळ न बघता निघा. आणि मेडिकलमधून ब्रुफेनसारखी गोळी आपल्या मनाने घेऊ नका. तशी औषधं आम्ही क्वचित, थोडे दिवस आणि लक्ष ठेवून देतो. नंतरच्या महिन्यांत त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडाला आणि हृदयाजवळच्या रक्तवाहिनीला त्रास होऊ शकतो.

तर्रीबाज | 5 जुलै
रिक्षावाल्याचा निषेध. बाकी लवकर बरे व्हा, डोहाळजेवणाला मिसळ ठेवा.

द्राक्षबाग | 18 ऑगस्ट
हा धागा बायकोने दाखवला. नवऱ्याच्या बाजूने लिहितो, कारण आमची गाठ नेमकी डॉक्टर म्हणतात तशी, खाली तोंडाशी होती. आकार 5 सेमीच. "छोटीच आहे" म्हणून आम्ही पिंपळगावला निवांत. डॉक्टरांनी सातव्या महिन्यात सांगितलं की पिशवी वाढताना खालचा भाग ताणला जातो आणि कधी कधी गाठ वर सरकते, वाट बघू. 36 व्या आठवड्यात पाहिलं तर ती तिथेच, बाळाच्या डोक्याच्या खाली. म्हणजे वाटच बंद. सिझर ठरलं.

नेहमी आडवा छेद घेतात त्या जागी गाठ. म्हणून पिशवीला वरच्या भागात उभा छेद घ्यावा लागला. यामुळे दुसऱ्या वेळीही सिझरच, आणि तेही लवकर, हे त्याच दिवशी लिहून दिलं. रक्त बरंच गेलं, पिशव्या चढवाव्या लागल्या.

नवरे मंडळींनी ऐकावं: डॉक्टरांनी आधी बजावलं होतं की तालुक्याला नको, जिथे रक्त हाताशी आहे, भूलतज्ज्ञ आणि बाळाचे डॉक्टर आहेत अशा ठिकाणी नाव नोंदवा. आम्ही नाशिकला नोंदवलं. बायकोचा गट बी निगेटिव्ह. द्राक्षाच्या ग्रुपवर महिनाभर आधी मेसेज टाकून त्या गटाचे चार जण शोधून ठेवले होते. शेवटच्या रात्री शोधायला बसलो असतो तर काय, ते लिहवत नाही.

शेवगा_शेंग | 19 ऑगस्ट
द्राक्षबाग दादा, वाचून नवऱ्याने लगेच माझा रक्तगट वहीत लिहिला. 28 ची सोनोग्राफी झाली: गाठ 6.4, म्हणजे जवळजवळ तेवढीच. बाळाचं डोकं खाली. एच बी 10.6.

डॉक्टर, एक प्रश्न. गाठ वाटेत नसेल तरी रक्त जास्त का जातं?

पांढरा_डगला | 20 ऑगस्ट
वार सुटून बाहेर आली की ती जिथे चिकटलेली होती तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी राहतात. पिशवीचा स्नायू आवळला की ती मिटतात. रक्त थांबवण्याची शरीराची मुख्य तऱ्हा हीच. भिंतीत गाठ असली की तेवढ्या भागात स्नायू नीट आवळत नाही. म्हणून बाळ बाहेर आल्या आल्या पिशवी आवळणारं ऑक्सिटोसिन देतात, जे खरं तर प्रत्येक बाळंतिणीला द्यायचं असतं. गाठवालीसाठी पुढची औषधं टेबलावर काढून ठेवलेली असतात. रक्तस्राव सुरू झालाच तर ट्रॅनेक्सॅमिक अॅसिड हे रक्त थांबवणारं औषध पहिल्या तीन तासांत द्यायचं, जितकं लवकर तितका उपयोग. तुमचा रक्तगट वहीत आहे ते उत्तम, पण रक्तपेढीत नमुना जुळवून ठेवायचा का ते मॅडमना 36 व्या आठवड्यात विचारा.

आडगाव_नाका | 11 ऑक्टोबर
शेंगताई, काय खबर? माझी बहीण 29 वर्षांची आहे, तिला बाहेरच्या बाजूला 3 सेमीची गाठ निघाली. कसला त्रास नाही. गावाकडच्या एका डॉक्टरांनी "मूल झालं की पिशवीच काढून टाका, कटकट नको" सांगितलं. असं करतात का?

पांढरा_डगला | 11 ऑक्टोबर
त्रास नसलेल्या 3 सेमीच्या बाहेरच्या गाठीला काहीच करायचं नसतं. अधूनमधून सोनोग्राफी, बस. मूल हवं असेल तर त्यासाठीही ती काढायची गरज नाही. तिशीच्या आत पिशवी काढायला सांगणारा सल्ला तिथेच ठेवून दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण राज्यभर गाजलं. तरण्या बायकांच्या पिशव्या किरकोळ कारणांनी काढल्या गेल्या होत्या, आणि कंबर, हाडं, गरम वाफा यांचा त्रास त्या आजही भोगतायत.

शेवगा_शेंग | 11 ऑक्टोबर
मी मजेत. डोकं खाली, मॅडम म्हणाल्या कळांची वाट बघू. रक्तपेढीत सांगून ठेवलंय. सासूबाईंनी डिंकाचे लाडू आत्ताच करून कडीकुलपात ठेवलेत.

शेवगा_शेंग | 9 नोव्हेंबर
मुलगा झाला! वजन 3 किलोला थोडं कमी. दोघंही बरे आहोत.

शेवटी सिझरच झालं, पण गाठीमुळे नाही. पहाटे कळा सुरू झाल्या, दुपारपर्यंत छान चाललं होतं, मग पुढे सरकेना. बाळाचं डोकं खाली होतं पण तोंड माझ्या पोटाकडे, मान ताठ. बरेच तास वाट बघितली, ठोके कमी व्हायला लागले तेव्हा नेलं. गाठ बिचारी आपल्या जागेवर होती. रक्त नेहमीपेक्षा जास्त गेलं, इंजेक्शनं दिली, एक पिशवी चढवली. घरी मात्र सगळे पाहुण्यांना "गाठ होती ना, म्हणून सिझर" असंच सांगतायत. मी दोनदा दुरुस्त केलं, आता सोडून दिलं.

आत्याबाई विचारून गेल्या, पोट उघडलंच होतं तर गाठ पण का नाही काढली? मलाही तेच वाटतंय.

निफाडची_थंडी | 9 नोव्हेंबर
अभिनंदन गं पोरी! सगळ्यांना बर्फी दे आणि तू मात्र शेपा-खोबरं खा. माझ्या सासूनेही तेच विचारलं होतं डॉक्टरांना.

पांढरा_डगला | 10 नोव्हेंबर
खूप खूप अभिनंदन. आत्याबाईंना सांगा, बाळंतपणाच्या वेळी पिशवीला मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त मिळत असतं. भिंतीतली गाठ अशा वेळी कोरायला घेतली तर रक्त आवरणं कठीण जातं, कधी पिशवीच काढायची वेळ येते. देठावरची असेल, किंवा छेदाच्या वाटेतच असेल तर काढतात. काही अनुभवी सर्जन निवडक जणींची काढतातही. तुमची दोन्हींत बसत नव्हती. शिवाय आता हार्मोन्स उतरले की बऱ्याच गाठी आपोआप आक्रसतात, लहान असतील तर काही दिसेनाशाही होतात.

पुढचे काही आठवडे अंगावर जाणं अचानक वाढलं, घाण वास आला, ताप आला किंवा गाठीच्या जागी पुन्हा तसंच दुखलं तर जा. लोहाच्या गोळ्या बंद करू नका, बाळंतिणीला त्या 6 महिने घ्यायच्या असतात. सोनोग्राफी आत्ता घाईने नको, साधारण 6 महिन्यांनी करा, तेव्हा खरा आकार कळेल.

शेवगा_शेंग | 10 नोव्हेंबर
आणि दुसऱ्या वेळी? म्हणजे लगेच नाही हो! पण ही गाठ काढून मग चान्स घ्यायचा, की तशीच राहू द्यायची?

पांढरा_डगला | 11 नोव्हेंबर
सिझरच्या टाक्यासाठी दीड-दोन वर्षांचं अंतर ठेवाच. तोवर पाळी कशी येते ते बघा. अंगावर फार जात नसेल, पोकळी सरळ असेल, तर या गाठीने एक मूल पूर्ण दिवसांचं होऊ दिलेलं आहे, तिला काढायचं कारण मला दिसत नाही. काढली तर भिंतीवर आणखी एक टाका वाढतो. पोकळीकडे वाढली किंवा रक्त जायला लागलं तर पुन्हा बोलू. गर्भनिरोधकाचं सहाव्या आठवड्याच्या तपासणीत ठरवा. दूध पाजताना चालणारी साधनं आहेत, आणि पोकळी वाकडी नसेल तर तांबीही बसते.

तिसरी_घंटा | 11 नोव्हेंबर
आणि डिस्चार्ज कार्डावर छेद आडवा की उभा ते लिहिलंय का बघून घे. नसेल तर आजच लिहून माग.

शेवगा_शेंग | 11 नोव्हेंबर
बघितलं. आडवा. गाठीची जागा पण लिहिली आहे. फोटो काढून नवऱ्याला आणि आईला पाठवला.